बंगल्यासमोरचा पाचोळा

साहेब, आग तुम्ही लावली.

काडी म्हातारीनं ओढली, हे खरं. तिनं ते कबूलही केलं, तुमच्याच बंगल्याच्या व्हरांड्यात. पण काडी ओढणारं माणूस एक आणि आग लावणारं दुसरं असू शकतं, हे आमच्या सावरटोल्यात सगळ्यांना कळतं. तुम्ही तर परीक्षा देऊन आलात. म्हणून पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलू नका. त्या दिवशी तुम्हीच बोलत होता, आता ऐका.

झिंगू मचाणावरून उतरला तेव्हा उजाडलं होतं. पळसाचा बहर विझत आला होता आणि सगळ्या जंगलाला मोहाचा वास लागला होता. हा वास रात्रभर जागलेल्या माणसाला चढतो. शिडीच्या शेवटच्या दांड्यावर झिंगूचा पाय थोडा वेळ तसाच राहिला, कारण जमीन कुठं सुरू होते ते त्याला उमजत नव्हतं.

झिंगू म्हणजे तुमच्या वनखात्याचा आगवाला. होळीपासून मृगापर्यंत, हंगामी. अंधार पडला की मचाणावर बसायचं, कुठल्या टेकडीच्या कडेला लाल रेघ दिसली की जंगलाचा पहारा करणाऱ्या नाकेदाराला उठवायचं आणि हिरव्या फांद्यांनी ती रेघ झोडपून मारायची. उजाडलं की सुटी. हे तुम्हीच ठरवलेलं. धुराचा वास त्याला सगळ्यांच्या आधी येई. गावातल्या बाया थट्टा करत, कोणाची भाजी करपून राह्यली ते झिंगूले मचाणावरून कळते.

त्या रात्री काही जळलं नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी मोठी वावटळ येऊन गेली होती आणि झिंगूच्या डोक्यात रात्रभर एकच गोष्ट होती, मायचं झाड.

नाल्यापलीकडच्या उतारावर झिंगूच्या मायचा, बायनाबाईचा मोह आहे. झाड तुमचं, त्याच्या बुंध्यावर तुमचा आकडा आहे. फूल बायनाबाईचं. ते कुठं लिहिलेलं नाही आणि गावात कुणाला विचारावंही लागत नाही. तिच्या सासूनं तिथं वेचलं, मग तिनं वेचलं. पावसाळ्याचं तेल-मीठ त्या झाडावर. नवरा गेला, गुडघा गेला, नजर अर्धी गेली, तरी मोहाच्या दिवसात म्हातारी पहाटे टोपली घेऊन झाडाखाली हजर.

मोहाचं फूल पहाटेपासून गळतं, उन्हं चढेपर्यंत. खाली पाचोळा असला की फूल त्यात बुडतं. मग ते डुकरांचं, नाहीतर कुणाचंच नाही. म्हणून आमच्याकडे मोसम लागला की झाडाखालचा पाला जाळतात. काळ्या साफ जमिनीवर पिवळं फूल लांबून दिसतं. हे काम दोघांचं असतं. एकानं काडी लावायची, दुसऱ्यानं हिरवी फांदी घेऊन कडेला उभं राहायचं. आग कडेशी आली की हाणायची. दुसरं माणूस नसेल तर काडी खिशातून काढायची नाही, हे पोराला पोहण्याच्या आधी शिकवतात.

यंदा तुमचा हुकूम आला. मोहाखाली आग लावायची नाही. उताराच्या खाली तुमचं सागाचं रोपवन उभं आहे, त्याच्यासाठी. हुकूम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. दवंडी द्यायला तुम्ही झिंगूला पाठवलं. तो डबा बडवत गावभर फिरला तेव्हा शकुबाई दारातून म्हणाली, "तुह्या मायले सांगतलं का पयले? का ते फुलं हुंगून सोडून देणार हाये?"

लोक हसले. झिंगू घरी गेला आणि मायसमोर बसला.

"माय, यंदा जाळाचं नाई."

"मंग का डोळ्यानं पाला उडवू?"

"मी झाडून देतो. रोज. मचाणावरून उतरलो का सीधा झाडाखाली. तू फकस्त वेच."

"रातभर जागशीन अन् सकायी झाडशीन?"

"झाडतो म्हनलो ना. तू काडी लावली तं माह्यी नोकरी जाईन, अन् गावात तोंड दाखवाले जागा नाई राहाची."

बायनाबाईनं काडेपेटी चुलीच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली. तिथून पुढं रोज उजाडता झिंगू झाडाखाली खराटा फिरवी आणि म्हातारी त्याच्या मागं वेचत येई. एक दिवस चुकला नव्हता. वावटळीनं तर आता सगळ्या उताराचा पाला आणून झाडाखाली टाकलेला असणार, आणि मोह भरात होता. भर फार तर आठवडाभराचा असतो. त्या सकाळी झिंगू झाडाखाली पोचणं एवढी एकच गोष्ट जगात महत्त्वाची होती.

तो पायवाटेला लागला तोच देवाजी नाकेदार सायकलवरून आडवा आला.

"घरी नको जाऊ गा. बंगल्यावर चाल."

"काऊन?"

"साहेबाचे साहेब येऊन राह्यले नागपूरवरून. बायको-लेकरं घेऊन. आवार झाडाचं हाये."

"माह्यी पाळी झाली ना भाऊ. माय वाट पाहून राह्यली असन."

"मले का हौस आली का? झाडणारा तापानं पडला. साहेब म्हनले, झिंगूले आणा."

"तं तुम्ही झाडा. तुमचे हात काई मेणाचे नाईत."

देवाजी हसला. माणूस वाईट नाही. "मी खराटा धरला तं उद्या मले नाकेदार कोण म्हणन? चाल बाप्पा. घंटाभराचं तं काम हाये."

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायला त्याला कुणी अडवलं होतं? साहेब, हंगामी माणसाचं नाव दर होळीला देवाजीच्या तोंडून तुमच्या कानात जातं आणि तुमच्या कानातून वर. एकदा 'नाही' म्हटलेलं नाव पुढच्या होळीला कुणाच्या तोंडात येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तुम्ही बोलावता.

बंगल्याचं आवार म्हणजे सागाचं रानच. ताटाएवढी पानं, वाळून कडक झालेली, वाऱ्यानं फाटकापासून पायरीपर्यंत लोटलेली. स्वयंपाकी नूर मोहम्मद मागच्या दारात कोंबडी साफ करत बसला होता. हा घुग्घुसचा, आधी खाणीवरच्या कॅन्टीनमध्ये होता.

"आओ आगवाले," तो म्हणाला. "चाय घे पयले. डोये पाहा कसे झाले, टमाटर."

"जंगलात पानं राह्यली तं का बिघडते नूरभाऊ? झाडूनच का घ्या लागते?"

"मॅडमले पानाचा आवाज आला का साप वाटते म्हणे. मागच्या खेपेले खुर्चीवर उभी राह्यली होती. मंग साहेबानं सांगतलं, एक पान नाई दिसलं पायजे."

"माह्या मायच्या झाडाखाली गुडघाभर पडला असन."

नूर मोहम्मदनं कप पुढं केला. "आमच्या घुग्घुसले पाळी संपली का भोंगा वाजते. भोंगा वाजला का माणूस हातातला फावडा हवेत सोडते अन् चालाले लागते. तुह्या जंगलात भोंगाच नाई, तुह्ये हेच वांधे हायेत."

झिंगूनं चहा उभ्यानं घेतला आणि खराटा उचलला.

घंटाभर कधीच होऊन गेला. पुढचं झालं, मग देवाजी म्हणाला मागचंही करून टाक. मागचं झालं तोवर पुढं पुन्हा पानं पडली होती. फाटकाशी शकुबाई थांबली, डोक्यावर भरलेली टोपली.

"झिंगू, तुही माय झाडाखाली बसून हाये ना. हातानं पाला चिवडून राह्यली. विचारते, झिंगू कुठी हाये."

"सांगा, आलोच म्हणून."

"अरे कुठचा आलोच," देवाजी मागून म्हणाला. "पाहुणे आहेत तंवर रोज सकायी इथीच याचं हाये. साहेबानं सांगतलं. त्याच्या मायलेही सांगून दे, म्हणजे वाट नाई पाहाची."

झिंगूनं देवाजीकडं पाहिलं. "पाहुणे कवा जातीन?"

"आल्याबिगर जातीन कसे? हप्ताभर तं राहातीन."

टोपली सावरून शकुबाई नाल्याच्या वाटेनं गेली आणि जे ऐकलं ते तिनं बायनाबाईला जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं का तिनं? खरं तेच सांगितलं बिचारीनं.

आता पुढचं झिंगूनं मला सांगितलं तसं सांगतो. तुम्ही याला झोप म्हणाल. झोप नव्हती ती. तो झाडतच होता, खराट्याचा आवाज त्याला शेवटपर्यंत येत होता. फक्त खराट्याखालची जमीन बदलली.

बंगल्याची पायरी हळूहळू उताराला लागली. फाटक होतं तिथून नाला वाहायला लागला, पाणी नसलेला, नुसता गार. सागाची पानं खराट्यापुढून पाखरांसारखी उठून आपापल्या फांद्यांवर जाऊन बसत होती. वर पाहिलं तर मायचा मोह, एवढा मोठा की त्याच्या शेंड्याला अजून रात्रच होती, आणि खाली फुलं गळत होती. एकेक फूल सावकाश, वाटेत थांबत. त्याच्या पाठीवर, मानेवर, हातांवर पडत होती. दुधानं भरल्यासारखी जड, कोमट. माय पुढं वेचत होती आणि तिचा गुडघा दुखत नव्हता. ती लहान पोरीसारखी उकिडवी सरकत होती.

कडेला बाप उभा होता. हातात ऐनाची हिरवी फांदी.

"मी हावो इथी," बाप म्हणाला. "काई भेव नोको."

धुराचा वास आला. झिंगूचं नाक जागं झालं, नेहमीसारखं, सगळ्यांच्या आधी. पण बाप कडेला होता. बाप म्हणाला, "आपलाच हाये." आणि झिंगू पुन्हा झाडायला लागला. फुलं पडत राहिली.

साहेब, तो वास खोटा नव्हता. देवाजीनं झिंगूनं केलेले ढीग कुंपणाशी पेटवून दिले होते. आवारात ढीग बरे दिसत नाहीत म्हणून. तुमच्या खात्यानं तुमच्या बंगल्याचा पाला जाळला. शेजारी पाण्याची बादली होती आणि एक माणूस उभा होता. रीतसर. त्याच घडीला नाल्यापलीकडं त्याच वावटळीचा पाला एक म्हातारी एकटीनं जाळत होती. दोन्ही धूर एकाच वाऱ्यावर आले. अख्ख्या जंगलाचा धूर ओळखणाऱ्या माणसाच्या नाकासमोर तुम्ही तुमचा धूर धरला होता, त्याला दुसरा कसा कळावा?

नूर मोहम्मदनं त्याचा खांदा हलवला. झिंगू कुंपणाच्या खांबाला टेकून उभा होता, खराटा हातात, डोळे उघडे.

"झिंगू. आपला ढीग तं कवाचा विझला. मंग हा धुवा कुठचा येऊन राह्यला?"

झिंगूनं ढिगाकडं पाहिलं. राख होती, पांढरी, गार. मग त्यानं नाल्याकडं पाहिलं.

तो धावला तेव्हा त्याच्या हातात खराटा तसाच होता. वाटेत टाकायचंही त्याला सुचलं नाही. नाला ओलांडताना त्यानं ऐनाची फांदी मोडली आणि वर पाहिलं तर लाल रेघ उतारावरून खाली निघाली होती, घाई न करता, एखादी बाई लुगडं वाळत घालत जावी तशी. मोहाला काही झालं नव्हतं. मोह असल्या आगीला भीत नाही. खालची जमीन काळी साफ झाली होती. आणि त्या काळ्या जमिनीच्या पलीकडं बायनाबाई आगीच्या कडेला होती, पदर ओला करून हाणत होती, अनवाणी. एकटं माणूस एका बाजूला हाणतं तेव्हा आग दुसऱ्या बाजूनं निघते.

"माय, हट बाजूले."

"खाली जाऊन राह्यली ना गा," ती म्हणाली. "तुह्ये झाडं जळतीन."

तुह्ये झाडं म्हणाली ती. तुमच्या सागाला.

झिंगूनं हाणलं. देवाजी आला, शकुबाई आली, गाव आलं. रोपवनाचा खालचा भाग वाचला, वरचा गेला. पोरं काठीनं राख उकरत होती आणि भाजलेल्या मोहाचा गोड वास सुटला होता. कुणीतरी म्हातारीच्या तळव्यांना पळसाची पानं बांधली. फोड पाहवत नव्हते.

मग तुमची जीप आली. पाहुणे पोचले होते. तुम्ही म्हातारीला बंगल्यावर आणवलं, कारण पाहुण्यांच्या चहाची वेळ होती आणि तुम्हाला दोन्ही कामं एकाच ठिकाणी करायची होती. झाडलेल्या आवारात एकही पान नव्हतं. मॅडम खुर्चीवर निवांत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, पाय भाजले का?" तेवढं एकच माणसासारखं वाक्य त्या व्हरांड्यात बोललं गेलं.

तुम्ही विचारलं, "आग कोणी लावली?"

"मी," बायनाबाई म्हणाली.

"मनाई आहे, माहीत नव्हतं?"

"मालूम होतं. माह्या पोरानंच सांगतलं होतं."

"मग?"

"तो झाडून देतो म्हनला होता. मंग शकुबाईनं सांगतलं, आता तो नाई येत. मोह का थांबते का साहेब?"

तुम्ही झिंगूकडं वळलात. "तुझी आईच आग लावते आणि तू आगवाला. कुठं होतास तू?"

"इथीच होतो साहेब. झाडत होतो."

"ड्युटी कधी संपते तुझी?"

"उजाडलं का."

"मग उजाडल्यानंतर तू कुठं झाडत होतास, त्याच्याशी आमचा संबंध नाही. हजेरी उजाडेपर्यंतची आहे."

झिंगू देवाजीकडं पाहत राहिला. देवाजी स्वतःच्या बुटांकडं पाहत होता. नूर मोहम्मद ट्रे घेऊन दारात उभा होता, तो म्हणाला, "साहब, ये सुबह से यहीं था. मेरे हाथ की चाय पी इसने." तुम्ही त्याला सांगितलं, चहा गार होतोय, आत दे.

मग पंचनामा झाला. आग विझवणाऱ्याची सही लागते म्हणालात. आग विझवणारा कोण, तर झिंगू. तेवढ्यापुरता तो परत तुमचा झाला. मायच्या नावाखाली त्यानं सही केली, हात काळे होते म्हणून कागदाला डाग पडला आणि तुम्ही त्याला हात पुसून यायला सांगितलं. सही झाल्यावर सांगितलंत, उद्यापासून मचाणावर येऊ नको.

म्हातारीला जीपमध्ये बसवलं. ती जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसली. पाय खाली टेकवत नव्हते म्हणून ते समोर उचलून धरून बसली होती, पानांत बांधलेले. झिंगू चढायला गेला तर जागा नव्हती. मागच्या बाकावर पाहुण्यांचं सामान होतं, ते उतरवायला माणूस नव्हता, झाडणारा तापानं पडलेला. झिंगू जीपच्या मागं चालायला लागला. धुळीत तो दिसेनासा झाला, मग पुढच्या वळणावर पुन्हा दिसला, चालतच होता.

ही परवाची गोष्ट. म्हातारी अजून तुमच्या कचेरीत आहे. झिंगू कचेरीच्या बाहेर बसून आहे, जेवत नाही. मोह पडून राहिला आहे, काळ्या साफ जमिनीवर, लांबून दिसतो. आमच्यातलं कुणी त्याला हात लावत नाही. तो बायनाबाईचा आहे.

आम्ही इथं कुणाची दया मागायला आलो नाही. आग लागली, रोपं जळली, आम्ही पाहिली. एकच विचारायला आलो आहोत. उजाडल्यापासून तो धूर दिसेपर्यंत झिंगू कोणाचा माणूस होता? तुमचा होता, तर तसं कागदावर लिहा, तो आमच्या कामावर होता म्हणून मायकडं जाऊ शकला नाही, असं लिहा, आणि म्हातारीला घरी सोडा. तुमचा नव्हता, तर त्याच्या हातात तुमचा खराटा कोणी दिला, त्याचं नाव सांगा.

सगळं गाव फाटकाशी उभं आहे साहेब. बाहेर या आणि सांगा.